इंदूरच्या उन्हाळ्यात तुरट रेड वाईन कशी मुरवावी

इटलीची बारोलो किंवा फ्रान्सची बोर्दो अशी महागाची रेड वाईन उघडली आणि पहिल्याच घोटाला हिरड्या आवळून आल्या, की घरात दोन मतं पडतात. एक म्हणतो वाईन खराब निघाली. दुसरा म्हणतो दहा वर्षं ठेवायला हवी होती, आपोआप मऊ झाली असती. पहिलं मत बहुतेक वेळा चुकीचं असतं. दुसरं अर्धं खरं आहे, आणि त्या अर्ध्या सत्यापायी इंदुरात चांगल्या बाटल्या वाया जातात. वाईनला तुरट करणारं द्रव्य म्हणजे टॅनिन, आणि ते मऊ व्हायला वर्षं लागतात हे खरंच. पण तितकी वर्षं फळाची चवही टिकली पाहिजे, आणि आपल्याकडचा मे महिना टॅनिनच्या आधी फळालाच खातो. म्हणून मी इथे वाट पाहण्याइतकाच निवडीवर आणि जागेवर भर देणार आहे.

हे सगळं घरी सहा ते तीस-चाळीस बाटल्या ठेवू पाहणाऱ्यांसाठी आहे. एक गोष्ट आधीच सांगतो. मध्य प्रदेशात घरात किती मद्य बाळगता येतं याला मर्यादा आहे आणि ती १ एप्रिलला लागू होणाऱ्या आबकारी धोरणाप्रमाणे बदलू शकते. साठा सुरू करण्याआधी चालू वर्षाची मर्यादा आबकारी कार्यालयातून विचारून घ्या आणि प्रत्येक बाटलीचं बिल जपून ठेवा. नाशिकला वाइनरी बघायला गेलात आणि येताना गाडीत दोन पेट्या टाकल्या, असं करू नका. राज्याची हद्द ओलांडायला परवाना लागतो. ज्या बाटलीवर दहा वर्षांचा भरवसा ठेवायचा, तिचे कागद पहिल्या दिवसापासून नीट असावेत.

तुरटपणा येतो कुठून, जातो कुठे

टॅनिन द्राक्षाच्या सालीत, बियांत आणि देठात असतं; ओकच्या पिंपातूनही थोडं उतरतं. रेड वाईन सालींसकट आंबवतात, म्हणून ते त्यात भरपूर येतं. तोंडात गेल्यावर टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि जीभ टाळूला घासल्यासारखी होते. पिकायला आलेलं पण अजून न पिकलेलं जांभूळ खाल्ल्यावर जे होतं, तेच हे.

बाटलीत पडून असताना टॅनिनचे रेणू एकमेकांशी आणि रंगद्रव्यांशी जोडले जातात. काही साखळ्या लांबतात, काही वाईनच्या आम्लामुळे तुटतात, आणि जड झालेला भाग गाळ होऊन तळाशी बसतो. जुन्या रेड वाईनचा रंग जांभळ्याकडून विटकरीकडे जातो तो याच घडामोडींतून. त्याच काळात ताज्या फळाचा वास मागे पडतो आणि कातडं, तंबाखू, सुकलेली पानं, मशरूम, देवदाराचं लाकूड असे वास पुढे येतात. हे सगळं मंद गतीनं व्हायला हवं.

आता उष्णतेचं बघू. तापमान १० अंशांनी वाढलं की बहुतेक रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो, असा ठोकताळा आहे. त्यावरून काहीजण म्हणतात, मग बरंच की, इंदूरच्या गरमीत दहा वर्षांचं काम पाच वर्षांत उरकेल. तसं होत नाही. सगळ्या क्रिया एकाच प्रमाणात वेग घेत नाहीत. ३० अंशांच्या वर ठेवलेल्या बाटलीत फळाचा ताजेपणा झपाट्यानं शिजून जातो, उकडलेल्या मनुकांचा आणि जळक्या जामचा वास येऊ लागतो, आणि टॅनिन मात्र बऱ्यापैकी तिथेच असतं. शेवटी हाती येते म्हातारी पण तरीही कडक वाईन.

पहिली पायरी: ठेवण्यालायक बाटली ओळखणं

जगात विकली जाणारी बहुतांश रेड वाईन दोन-तीन वर्षांत पिण्यासाठीच केलेली असते. ती ठेवून काही मिळत नाही. ठेवायची तर चार गोष्टी एकत्र लागतात: भरपूर पण पिकलेलं टॅनिन, चांगलं आम्ल, दाट फळ आणि यांच्यातला तोल. नुसतं टॅनिन जास्त असणं हे ठेवण्याचं कारण होऊच शकत नाही.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण म्हणजे १९७५ सालची बोर्दो. त्या वर्षीच्या वाईन इतक्या कडक होत्या की त्या पिढ्यान्‌पिढ्या टिकतील अशी अपेक्षा होती. लोकांनी वर्षानुवर्षं वाट पाहिली. त्यातल्या बऱ्याच वाईनमध्ये फळ सुकून गेलं, टॅनिन राहिलं. उलट १९६१ सालीही टॅनिन जबर होतं, पण फळ तितकंच दाट होतं. त्या वाईन अनेक दशकं टिकल्या. १९८२ ची वाईन तर तरुणपणी इतकी गोलसर आणि रसाळ होती की ती टिकेल का अशी शंका काही जाणकारांनी घेतली होती, आणि ती उत्तम टिकली. बाटली हातात घेताना ही तीन सालं आठवावीत.

रंगावर जाऊ नका. नेबिओलो या द्राक्षाची वाईन, म्हणजे बारोलो आणि बार्बारेस्को, दिसायला फिकट असते, पेल्यातून पलीकडचं दिसतं, आणि टॅनिन मात्र दात आंबवणारं. इटलीतल्या पीडमाँटमधल्या बारोलोला बाजारात येण्याआधी कायद्यानंच किमान ३८ महिने थांबावं लागतं, त्यातले १८ लाकडात. जास्त मुरवलेल्या 'रिझर्वा' बारोलोला ६२ महिने. बार्बारेस्कोला २६ महिने पुरतात. बारोलोतही गावागावात फरक आहे: सेरालुंगा आणि मोनफोर्तेकडची वाईन जास्त कणखर, ला मोराकडची तुलनेनं लवकर तयार होणारी. शिवाय करण्याच्या दोन परंपरा आहेत. जुन्या पद्धतीचे लोक साली कित्येक आठवडे रसात ठेवतात आणि मोठ्या जुन्या पिंपांत वाईन मुरवतात; जाकोमो कोंतेर्नो किंवा बार्तोलो मास्करेल्लो ही नावं त्या घराण्यातली. १९८० च्या दशकापासून एलिओ आल्तारेसारख्यांनी कमी दिवसांचा साल-संपर्क आणि छोटी फ्रेंच पिंपं आणली, त्यामुळे वाईन लवकर पिण्याजोगी होऊ लागली. आज बहुतेकजण या दोहोंच्या मध्ये कुठेतरी आहेत. आपल्यासारख्या उष्ण शहरात राहणाऱ्यानं पहिली बारोलो ला मोराची घ्यावी असं मी सांगेन. वीस वर्षं सांभाळण्याची सोय झाली की मग सेरालुंगा.

इतर कणखर मंडळी: बोर्दोच्या मेदोक भागातली काबेर्ने सोविन्यों द्राक्ष मुख्य असलेली वाईन, फ्रान्सच्या नैर्ऋत्येकडच्या मादिरांची ताना द्राक्षाची वाईन, रोन खोऱ्यातल्या एर्मिताज आणि कोर्नासची सिरा, बांदोलची मूर्वेद्र, इटलीतली तौराझी आणि मोंतेफाल्कोची साग्रांतिनो. मादिरां तर इतकी तुरट की तिथल्याच पात्रिक द्युकुर्नो या वाईनकारानं १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला टाकीतल्या वाईनमध्ये प्राणवायूचे अगदी बारीक बुडबुडे सोडून टॅनिन मऊ करण्याची पद्धत काढली. ती पुढे जगभर पसरली, आणि आज दुकानात मिळणारी बरीच मादिरां पूर्वीइतकी छळत नाही.

आपल्या देशातल्यांत अकलूजच्या फ्रातेलीची सेत्ते, ग्रोव्हर झंपाची ला रिझर्व्ह, सुलाची रासा आणि हम्पी भागातल्या कृष्माची काबेर्ने या चार-पाच वर्षं ठेवून पाहण्याजोग्या आहेत. लेबलवरचं साल वाचताना एक लक्षात असू द्या: आपल्याकडे द्राक्षं साधारण जानेवारी ते मार्चमध्ये तोडतात, युरोपात सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. म्हणजे एकाच सालाची भारतीय वाईन अर्ध्या-पाऊण वर्षानं मोठी असते.

दुसरी पायरी: खरेदी

कधी घ्यायची याचं उत्तर सोपं आहे: डिसेंबर ते फेब्रुवारी. नाशिककडून येणारा माल आग्रा-मुंबई रस्त्यानं धुळे, सेंधवा करत निमाडातून वर चढतो, आणि एप्रिल-मेमधला निमाड काय असतो हे खरगोन-बडवानीकडच्या नातेवाइकांना विचारा. बंद ट्रकमधलं तापमान बाहेरच्यापेक्षाही जास्त. दुकानदाराला हा माल कधी उतरला ते विचारा. थंडीत आलेला आणि थंडीतच घेतलेला माल हवा. गेल्या उन्हाळ्यापासून दुकानाच्या वरच्या फळीवर ट्यूबलाइटखाली उभी असलेली बाटली कितीही सवलतीत मिळाली तरी ती ठेवण्यासाठी घेऊ नका. त्याच आठवड्यात प्यायची असेल तर गोष्ट वेगळी.

बाटली हातात घेऊन तीन ठिकाणी बघा. बूच तोंडापेक्षा वर सरकलेलं आहे का. तसं असेल तर वाईन तापून फुगली होती. वेष्टणाखाली चिकट ओघळ आहे का. आणि बाटलीच्या मानेतली पातळी त्याच पेटीतल्या इतर बाटल्यांपेक्षा खाली आहे का. यातलं एकही चिन्ह दिसलं तर बाटली परत ठेवा.

एकच बाटली घेऊन ती दहा वर्षं ठेवण्यात मला फारसा अर्थ वाटत नाही. एकाच वाईनच्या तीन तरी घ्या, जमल्यास सहा. पैसे तेवढेच असतील तर सहा वेगवेगळ्या नावांपेक्षा एकाच चांगल्या वाईनच्या सहा बाटल्या जास्त शिकवतात, कारण तीच वाईन वयाप्रमाणे कशी बदलते हे जिभेला कळतं. ७५० मिलीलिटरच्या बाटलीपेक्षा ३७५ ची लवकर पिकते, दीड लिटरची उशिरा. घाई असेल तर छोट्या बाटल्या शोधा.

तिसरी पायरी: पहिली बाटली लगेच उघडायची

सहापैकी एक बाटली आणल्यावर पंधरा दिवस विश्रांती देऊन उघडा. ही चाखणी तीन दिवस चालते आणि ठेवायचं की नाही हे तीच ठरवते.

पहिल्या दिवशी उघडल्याबरोबर थोडी ओता, घोट तोंडात घोळवा. टॅनिन कुठे लागतं ते पाहा. पिकलेलं टॅनिन मखमलीसारखं सगळीकडे पसरतं, जोरदार असलं तरी. कच्चं टॅनिन एका जागी टोचतं, मागे कडवट, हिरव्या देठासारखी चव ठेवतं. असं कच्चं टॅनिन वर्षं गेली तरी पिकत नाही. मग घोट गिळल्यावर तोंडाला पाणी सुटतं का पाहा. सुटलं तर आम्ल ठीक आहे. आणि तुरटपणाच्या मागे फळ आहे का? काळी चेरी, जांभूळ, आलूबुखारा, काहीही, पण काहीतरी रसाळ जाणवलं पाहिजे.

तासाभरानं पुन्हा चाखा. उरलेली वाईन बूच लावून फ्रिजमध्ये, दुसऱ्या दिवशी अर्धा तास आधी बाहेर काढून तिसरी चाखणी, तिसऱ्या दिवशी चौथी. दुसऱ्या दिवशी फळ जास्त खुललं आणि टॅनिन मवाळ वाटलं, तर उरलेल्या पाच बाटल्या निर्धास्त ठेवा. दुसऱ्या दिवशी फळ गायब आणि नुसता तुरटपणा, तर त्या पाच येत्या वर्षभरात जेवणासोबत संपवा. वर्षांचा अंदाज यावरून नेमका बांधता येत नाही, पण कल कळतो. या चाखणीच्या नोंदी वहीत तारखेसह लिहून ठेवा. पाच वर्षांनी तुमच्या आठवणीपेक्षा वहीच खरी ठरेल.

चौथी पायरी: जागा, आणि इथेच सगळं ठरतं

पुस्तकी आकडे सर्वांना माहीत असतात: १२ ते १४ अंश तापमान, ६० ते ७० टक्के आर्द्रता, अंधार, शांतता. युरोपात हे तळघरात फुकट मिळतं. जमिनीखाली काही मीटरवर तापमान त्या गावाच्या वर्षभराच्या सरासरीजवळ स्थिरावतं, आणि बोर्दोची सरासरीच १३-१४ अंशांच्या आसपास आहे. इंदूरची सरासरी पंचविशीच्या आसपास आहे. म्हणून मल्हारगंज-राजवाड्याकडच्या जुन्या वाड्यातलं तळघर मे महिन्यात कितीही गार वाटलं तरी ते १३ अंश नसतं, पंचविशीच्या आगेमागेच असतं. तरीही ते तळघर वाया नाही. स्थिर २४-२५ अंशांत कणखर वाईन तीन-चार वर्षं तग धरते. दहा वर्षांसाठी मात्र ते पुरत नाही.

माळव्याची रात्र गार असते म्हणून आपल्याला कौतुक, पण वाईनला तीच अडचण. मार्च-एप्रिलमध्ये दुपारी ३८-४० आणि पहाटे २० असा रोजचा झोका बाटलीला बसतो. वाईन दिवसा फुगते, रात्री आक्रसते, आणि प्रत्येक झोक्याला बुचाच्या कडेनं थोडी हवा आत-बाहेर होते. एखाद्या दिवशी पारा चढला तर फारसं बिघडत नाही. असे शंभर झोके बसले की बिघडतं.

घरात तात्पुरती जागा शोधायची तर सगळ्यात खालच्या मजल्यावरची, उत्तरेची किंवा मधली, बाहेरच्या भिंतीला न लागणारी. जिन्याखालचं कपाट उत्तम. माळा सगळ्यात वाईट, कारण छताची स्लॅब दिवसभर तापते आणि रात्री तीच उष्णता खाली सोडते. स्वयंपाकघर, गच्चीलगतची खोली, गॅलरी बाद. कूलर लावलेल्या खोलीत दिवसा बरं वाटतं, पण कूलर बंद झाला की पुन्हा चढ-उतार. कपाट निवडलं की त्यात किमान-कमाल दाखवणारा साधा डिजिटल थर्मामीटर ठेवा आणि मार्च ते जून आकडे लिहून काढा. २८ च्या वर जात असेल तर तिथे जी बाटली आहे ती वर्षाच्या आत प्यायची, असा नियमच करा.

खरंच मुरवायची असेल तर वाईनचं कपाट, म्हणजे वाईन कूलर, घ्यावाच लागतो. इथे पैसे वाचवण्याची जागा नाही. बाजारात दोन प्रकार मिळतात. थर्मोइलेक्ट्रिक प्रकार शांत आणि स्वस्त, पण तो खोलीपेक्षा साधारण १० ते १५ अंशच खाली जाऊ शकतो. खोली ३६ वर असेल तर आत २१ ते २६. इंदुरात तो उन्हाळ्यात नुसता धापा टाकतो. कॉम्प्रेसरवालाच घ्या. त्यावरही एक चिठ्ठी वाचायची असते, जी विक्रेते सहसा दाखवत नाहीत: हवामान वर्ग. 'एन' वर्गाचं यंत्र ३२ अंशांपर्यंतच्या खोलीसाठी, 'एसटी' ३८ पर्यंत, 'टी' ४३ पर्यंत. आपल्याला 'टी' किंवा निदान 'एसटी' हवा. 'एन' वर्गाचं सुबक परदेशी कपाट बंद बाल्कनीत ठेवलं तर ते दोन उन्हाळ्यांत दमतं.

कपाट भिंतीला चिकटवू नका, मागे आणि बाजूला हवा खेळू द्या. विजेच्या चढ-उतारासाठी स्टॅबिलायझर लावा. आत मोकळी जागा असेल तर पाण्याच्या बाटल्या भरून ठेवा. वीज दोन-चार तास गेली तरी भरलेलं कपाट हळू तापतं. वीज गेल्यावर दार उघडून बघण्याचा मोह टाळा. तापमान १३ लावा आणि विसरा. वारंवार बदलू नका. दार काचेचं असेल तर त्यावर जाड कापड सोडा, कारण उजेडानं वाईनचा वास बिघडतो.

घरचा फ्रिज चालेल का, असं हमखास विचारलं जातं. मे-जूनचे दोन महिने वाचवायला चालेल, अगदी बिनदिक्कत. वर्षानुवर्षांसाठी नाही: ४ अंशांत मुरण्याची क्रिया जवळजवळ थांबते, हवा कोरडी असते, बूच आखडतं, आणि शेजारी हिंगाची डबी आणि कालची लसणाची चटणी असते.

बुचाची बाटली आडवी, म्हणजे बूच ओलं राहतं. इंदुरात मेमध्ये दुपारी हवेतला ओलावा २० टक्क्यांच्याही खाली जातो, तेव्हा उभ्या बाटलीचं बूच वर्षागणिक आक्रसतं. फिरकीच्या झाकणाची बाटली कशीही ठेवा. पावसाळ्यात उलट प्रश्न येतो, लेबलवर बुरशी. लेबलभोवती पातळ पारदर्शक प्लास्टिक गुंडाळा. बुरशीनं वाईनला काही होत नाही, पण पाच वर्षांनी कोणती बाटली कोणती हे कळलं पाहिजे. त्याच कपाटात डांबराच्या गोळ्या, रंगाचे डबे, कांदे ठेवू नका.

पाचवी पायरी: किती वर्षं

पुढचे आकडे द्राक्षतोडीच्या सालापासून, १३-१४ अंशांच्या साठवणीसाठी आणि चांगल्या उत्पादकासाठी आहेत. चांगल्या भारतीय रेड ४ ते ७ वर्षं. त्यापुढे मी जोखीम घेणार नाही. मादिरां ६ ते १२. बार्बारेस्को ८ ते १५. बारोलो १० ते २०, उत्तम सालाची त्याहून पुढे. २०१० आणि २०१६ ही तशी सालं. मेदोकची वर्गीकृत बोर्दो, म्हणजे १८५५ साली केलेल्या दर्जाच्या यादीतली, १० ते २५. २००५, २०१० आणि २०१६ सालांना घाई करू नका. साग्रांतिनो १० च्या आत उघडूच नये असं माझं मत.

मधल्या काळात एक विचित्र टप्पा येतो. बऱ्याच कणखर वाईन तीन-चार वर्षांच्या झाल्या की मुक्या होतात: फळाचा पहिला बहर गेलेला, जुनेपणाचे वास अजून आलेले नाहीत, पुढे फक्त टॅनिन. त्या वेळी उघडलेली बाटली निराश करते आणि लोक उरलेल्या घाईनं संपवून टाकतात. पहिल्या चाखणीच्या वहीत फळ भक्कम लिहिलेलं असेल तर दोन वर्षं आणखी द्या. सहा बाटल्यांचा माझा हिशेब असा: एक लगेच, दुसरी अपेक्षित काळाच्या निम्म्यात, तिसरी काळ सुरू झाल्यावर, आणि तिसरी जिथे आवडली तिथून पुढच्या तीन दर दोन-तीन वर्षांनी. तिसरी बाटली अप्रतिम लागली तर उरलेल्या आणखी चांगल्या होतील म्हणून अडवून ठेवू नका. शिखरानंतरचा उतार कधी सुरू झाला हे बाहेरून दिसत नाही.

मुलाच्या जन्मसालाची बाटली ठेवून त्याच्या एकविसाव्या वर्षी उघडायची, ही कल्पना सुंदर आहे. त्यासाठी चांगल्या सालाची बारोलो, मेदोक किंवा व्हिंटेज पोर्ट (पोर्तुगालची गोड वाईन) घ्या. तिन्हींत पोर्ट सगळ्यात भरवशाची, कारण तिच्यात साखर आणि वाढीव अल्कोहोल दोन्ही आहेत.

सहावी पायरी: उघडणं

जुनी बाटली उघडण्याच्या दोन दिवस आधी उभी करा म्हणजे गाळ तळाशी बसेल. दहा वर्षांवरचं बूच नेहमीच्या स्क्रूनं तुटू शकतं. दोन पातळ पात्यांचा चिमटा मिळतो, तो बुचाच्या दोन्ही बाजूंनी सरकवून फिरवत ओढला की ते सलग येतं. बूच मोडलंच तर घाबरू नका, धुतलेल्या मलमलीतून गाळून घ्या. मलमल साबणाचा वास नसलेली हवी.

डिकँटर, म्हणजे वाईन ओतून ठेवायचं काचेचं भांडं, नसेल तर रुंद तोंडाचा काचेचा जग चालतो. बाटलीच्या मानेखाली मोबाईलचा टॉर्च ठेवा, एका संथ धारेत ओता, आणि गाळाची काळी रेघ खांद्यापर्यंत आली की थांबा. जुनी वाईन, समजा पंधरा वर्षांवरची, ओतल्यावर लगेच प्यायला घ्या. तिचे वास तासाभरात उडून जाऊ शकतात. तरुण, कडक वाईन मात्र तीन-चार तास आधी जगात ओतून ठेवा. दिवसा ओतत असाल तर जग फ्रिजच्या बाहेर पण गार खोलीत.

पेल्यातलं तापमान १६ ते १८. "रेड वाईन खोलीच्या तापमानाला" हे वाक्य युरोपातल्या गारठलेल्या जुन्या घरांचं आहे. ३४ अंशांच्या दिवाणखान्यात ते लागू नाही. उन्हाळ्यात कपाटातून काढलेली १३ ची बाटली ओता, दहा-पंधरा मिनिटांत पेल्यातच हवी तिथे येईल. फार थंड असेल तर टॅनिन आणखी बोचतं, फार गरम झाली तर अल्कोहोल नाकात जातं.

ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बुचातला दोष आहे, हवा देऊन तो जात नाही. व्हिनेगरचा जोरदार वास किंवा शिळ्या कापलेल्या सफरचंदाचा वास आणि तपकिरी रंग असेल, तर दोष बुचाचा असेलच असं नाही, पण हवा देऊन तोही जात नाही. अशी वाईन रश्श्यात घालू नका, दोष रश्श्यातही उतरतो.

अजून मुरलेली नाही आणि प्यायची आहे

तेव्हा ताटावर लक्ष द्या. प्रथिनं, स्निग्धता आणि मीठ टॅनिनला मऊ करतात, तिखट त्याला भडकवतं. मंद आचेवर शिजवलेलं, कमी तिखटाचं आणि भरपूर कांद्याचं मटण उत्तम. शाकाहारी घरात तुपात बुडवलेले बाफले आणि साध्या फोडणीची घट्ट डाळ ही माळव्याची जोडी मला मनापासून आवडते, फक्त वर लाल मिरचीची फोडणी नको. मुरलेलं चीज, लोण्यात परतलेले मशरूम, राजमा हेही चालतात. लिंबू पिळलेला गराडू, जिरावण घातलेले पोहे, आंबट-तिखट चाट यांच्यासोबत तुरट रेड उघडू नका, दोन्ही बिघडतात.

बाटली उरली तर तरुण वाईन छोट्या बाटलीत काठोकाठ भरून, बूच लावून फ्रिजमध्ये ठेवा. दोन-तीन दिवस टिकते, कधी दुसऱ्या दिवशी जास्त छान लागते. पंधरा-वीस वर्षांची असेल तर त्याच रात्री संपवा आणि जेवायला त्या हिशेबानं माणसं बोलवा.